राजाचे लग्न कोठे लावायचे?

लग्न ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न मुहूर्ताचा असतो आणि दुसरा जागेचा. बोईसरला लागून असलेल्या आमच्या सरावलीत पूर्वी हा दुसरा प्रश्न फारसा पडत नसे. घरापुढे अंगण असे, अंगणात मांडव पडे, आणि मांडव पुरला नाही तर शेजाऱ्याचे अंगण होतेच. आता हॉल पाहावा लागतो. मग किती माणसे येणार, स्टेशनपासून अंतर किती, गाड्या कोठे उभ्या राहणार, पंगत बसवायची की ताटे हातात द्यायची, असा खल सुरू होतो. घरातली वडील मंडळी म्हणतात, गावात करा. मुलगा म्हणतो, माझ्या ऑफिसची माणसे येणार, सोय पाहा. वादाचा विषय हॉल असतो, पण खरा वाद दुसराच असतो, नाही का? हे लग्न कोणाला दाखवायचे, कोणाला साक्षी ठेवायचे, आणि कोणाचा मान राखायचा, यावर तो वाद चालतो.

राजघराण्यांतही हाच वाद होतो, फक्त तेथे हॉलच्या ठिकाणी चर्च असते. आज अशा एका राजलग्नाची हकिकत सांगायची आहे. ते लागले सात समुद्रांपलीकडे, पण त्याचा धक्का आपल्या किनाऱ्याला बसला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा यांचे हे लग्न. त्यात मुंबई आंदण गेली हे शाळेतल्या पुस्तकातही असते. ते लग्न लागले कोठे, आणि राजाला भव्य चर्च का मिळाले नाही, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

त्या वेळचा आपला मुलूख आधी डोळ्यांसमोर आणू. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई आणि तिच्याखालची बेटे पोर्तुगीजांना दिली. मुंबई त्यांतच होती. पुढे माहीम, केळवे, तारापूर, डहाणू असे एकेक ठाणे त्यांच्या हाती गेले. वसईच्या कोटात त्यांनी शहरच वसवले. सेंट जोसेफचे मोठे चर्च, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा निरनिराळ्या पंथांची चर्चे आणि मठ, सगळे त्या तटाच्या आत. सेंट जोसेफचा मनोरा आजही उभा आहे. तेव्हा सतराव्या शतकात इकडच्या किनाऱ्यावर एखाद्या बड्या पोर्तुगीज अंमलदाराच्या लेकीचे लग्न निघाले, तर भव्य चर्चला तोटा नव्हता. ज्या लग्नाने हा किनारा दुभंगला, ते लग्न मात्र चर्चमध्ये लागलेच नाही.

पोर्तुगालला सोयरीक हवी होती, त्याला कारण होते. साठ वर्षे स्पेनच्या अमलाखाली काढून १६४० साली हा देश स्वतंत्र झाला होता. स्पेन ते मानायला तयार नव्हता, आणि रोमचे पोपही स्पेनच्या दबावामुळे पोर्तुगालच्या नव्या राजघराण्याला मान्यता देत नव्हते. पाठीशी एखादे बळकट आरमार असणे गरजेचे होते. इकडे चार्ल्स नुकताच परदेशातून परत येऊन गादीवर बसलेला. त्याच्या तिजोरीत खडखडाट होता. एकाला तलवार हवी, दुसऱ्याला पैसा. २३ जून १६६१ रोजी लग्नाचा तह झाला. वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या उत्तर टोकाचे टँजिअर बंदर आणि मुंबई बेट, असे आंदण ठरले. शिवाय पूर्वेकडे व्यापाराच्या सवलती. (आपल्या देशात हुंडाबंदीचा कायदा झाला तो बरोबर ३०० वर्षांनी, १९६१ साली. योगायोगच, पण ध्यानात राहण्यासारखा.)

तह झाला, आता लग्न कोठे लावायचे? तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे आहे. याच चार्ल्सला वर्षभरापूर्वी, २३ एप्रिल १६६१ रोजी, तेथेच थाटामाटाने राज्याभिषेक झाला होता. मग लग्न का नाही? अडचण जागेची नव्हती, विधीची होती. वधू कॅथलिक आणि वर प्रोटेस्टंट, तोही साधा नव्हे, इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख. कॅथरीन मठाच्या वळणात वाढलेली, धर्माने कडक. अँग्लिकन बिशपने लावलेले लग्न हे तिच्या लेखी लग्नच नव्हे. उलट राजाने उघडपणे कॅथलिक पाद्र्यासमोर गुडघे टेकले असते, तर लंडनमध्ये दंगा उसळला असता. कॅथलिक म्हटले की त्या काळच्या इंग्रजाच्या कपाळाला आठी पडे. अ‍ॅबेत हजार माणसे बसतील, पण हजार डोळ्यांसमोर एकच विधी करता येतो. येथे तर दोन हवे होते, आणि त्यांतला एक झाकून करायचा होता.

येथे थोडे थांबून एक फरक समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे राजाचे लग्नदेखील देवळात लागत नसे, मांडवात लागे. आपला साक्षी अग्नी, आणि अग्नी कोठेही पेटवता येतो. म्हणून आपले लग्न जागेला बांधलेले नाही. ख्रिस्ती लग्न चर्चला बांधलेले आहे असे आपण समजतो, ते बरेचसे खरेही आहे. वसईकडची कॅथलिक कुटुंबे आपल्या धर्मग्रामाच्या चर्चमध्येच लग्न लावतात. पण १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जो नियम घातला, तो नीट वाचला तर गंमत वाटते. लग्न ग्राह्य व्हायला त्या धर्मग्रामाचा पाद्री किंवा त्याने परवानगी दिलेला धर्मगुरू हवा आणि दोन-तीन साक्षीदार हवेत. चोरून लावलेल्या लग्नांना आळा बसावा हा त्याचा हेतू. म्हणजे मुळात लागतात ती माणसे. खांब, कमानी, घुमट हे सगळे नंतरचे.

राजघराण्यांत आणखी एक चाल होती. मुलगी दुसऱ्या देशात द्यायची असली की माहेरीच वराच्या प्रतिनिधीबरोबर तिचे लग्न लावून द्यायचे आणि मग पाठवायचे. आपल्या संस्थानिकांत वराऐवजी त्याचा खांडा पाठवून लग्न लावीत, तोच प्रकार. कॅथरीनचे तेही झाले नाही. वर परधर्मपंथाचा, म्हणजे पोपची परवानगी हवी. आणि जे पोप तिच्या घराण्याला राजघराणे मानीत नव्हते, ते परवानगी देतील कोणाच्या मुलीला? तेव्हा ही राजकन्या लग्न न लागताच, केवळ तहाच्या कागदावर विश्वास ठेवून, इंग्रजी आरमाराबरोबर १६६२ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाली. तिला आणायला गेलेल्या अर्ल ऑफ सँडविचच्या हाती ठरलेल्या रकमेपैकी निम्मीच पडली, आणि तीही पुष्कळशी साखर, मसाले व हुंड्या यांच्या रूपात. वरपक्षाचा चेहरा कसा झाला असेल, याची कल्पना आपल्याला सहज करता येईल.

मे महिन्याच्या मध्याला जहाजे पोर्टस्मथ बंदराला लागली. राजा लंडनमध्ये पार्लमेंटच्या कामात अडकला होता. तो पाच-सहा दिवसांनी आला. आता एवढ्या दुरून आलेल्या वधूला लग्नाविना राजधानीपर्यंत नेणे शोभले नसते. म्हणून बंदरावरच लग्न लावायचे ठरले. पोर्टस्मथला डोमस डेई, म्हणजे देवाचे घर, या नावाची एक जुनी वास्तू होती. तेराव्या शतकात यात्रेकरूंसाठी आणि आजाऱ्यांसाठी बांधलेली ती धर्मशाळा. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले तेव्हा हीही गेली, तिचे दारूगोळ्याचे कोठार झाले, आणि पुढे तिच्याच आवारात बंदराच्या गव्हर्नरचे निवासस्थान झाले. शेजारी तिचे चर्च होते. राजाराणीचा मुक्काम गव्हर्नरच्या घरात.

२१ मे १६६२. हा दिवस इंग्लंडच्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे. पोर्तुगालचे पंचांग दहा दिवस पुढे होते, तेथे त्या दिवशी ३१ मे उजाडला होता. दोन धर्मपंथ, दोन तारखा आणि दोन लग्ने! पहिले लग्न लागले राणीच्या निजायच्या खोलीत, दार लावून. लॉर्ड ऑबिन्यी या कॅथलिक धर्मगुरूने ते लावले, साक्षीला मोजकी माणसे. पंथाच्या नियमाला जेवढे लागते तेवढे सगळे तेथे होते. त्यानंतर घराच्या मोठ्या दिवाणखान्यात दरबारी मंडळींसमोर लंडनचे बिशप गिल्बर्ट शेल्डन यांनी अँग्लिकन पद्धतीने दोघे पतिपत्नी झाल्याचे जाहीर केले. विधी अगदी आटोपशीर. मग राणीच्या पोशाखावरच्या निळ्या फितींचे तुकडे कापून पाहुण्यांना वाटण्यात आले. आपण विडा किंवा नारळ देतो, तशी ही लग्नाची आठवण. पोर्टस्मथच्या सेंट थॉमस चर्चच्या, म्हणजे आताच्या पोर्टस्मथ कॅथीड्रलच्या, नोंदवहीत या लग्नाची नोंद आहे. चर्चच्या वाट्याला आली ती एवढी नोंद.

थाट झालाच नाही असे मात्र नव्हे. तो झाला तीन महिन्यांनी, आणि झाला तो पाण्यावर. २३ ऑगस्ट १६६२ रोजी राजाराणीची वरात हॅम्पटन कोर्टहून टेम्स नदीतून नावेने लंडनला आली. सारी नदी होड्यांनी भरून गेली होती. खाडीकाठच्या आपल्या लोकांना होड्यांनी नेलेले वऱ्हाड काही नवे नाही, ते दृश्य आपल्या डोळ्यांपुढे चटकन उभे राहते. नदीवर धर्माचा प्रश्न नव्हता. कॅथलिकानेही पाहावे, प्रोटेस्टंटानेही पाहावे. विधी झाकला आणि वरात उघड केली, अशी ही तडजोड होती.

तिची किंमत राणीने जन्मभर मोजली. अँग्लिकन विधीत भाग घेणे तिला मान्य नव्हते, म्हणून तिला राज्याभिषेक कधीच झाला नाही. १६७८ साली कॅथलिकांच्या कटाची खोटी आवई उठली, तेव्हा राजाला विष घालायचा डाव केल्याचा आळ तिच्यावरही घेतला गेला. राजाने तो मानला नाही, म्हणून ती वाचली. मूलबाळ झाले नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ती पोर्तुगालला परतली आणि १७०५ च्या शेवटच्या दिवशी वारली. आंदणातले टँजिअर इंग्रजांनी १६८४ साली सोडून दिले. रोख रक्कम तर केव्हाच उडाली होती. त्या लग्नातून इंग्रजांच्या हाती टिकून राहिले ते एकच, मुंबई.

तीही सुखासुखी मिळाली नाही. सप्टेंबर १६६२ मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोची जहाजे ताबा घ्यायला आली, तर वाद उभा राहिला की आंदण नेमके केवढे? इंग्रज म्हणत, आजूबाजूची बेटेही त्यात आली. पोर्तुगीज म्हणत, फक्त मुंबई. ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन आपल्या शिपायांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसला. तेथेच १६६४ साली तो वारला, आणि त्याचे बहुतेक शिपाईही रोगराईने मेले. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु द कास्त्रु याने आपल्या राजाला कळवळून लिहिले की इंग्रज मुंबईत बसले की पोर्तुगीजांचा हिंदुस्थान गेलाच म्हणून समजा. पण राजाचा हुकूम होता. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तो बेटाची मालकीण दोना इग्नेझ द मिरांडा हिच्या वाड्यात. ताब्याची खूण म्हणून त्याने माती आणि दगड हातात घेतले. येथेही चर्च नाही, वाजंत्री नाही. एक मूठ माती.

या सगळ्या व्यवहारात एक पक्ष कोठेच दिसत नाही. मुंबईच्या बेटांवर राहणारे कोळी, भंडारी, कुणबी, वाडीवाले. पोर्टस्मथच्या निजायच्या खोलीत काय, दिवाणखान्यात काय, त्यांच्या वतीने कोणी उभे नव्हते. तहात त्यांच्यासाठी एक कलम होते, ते म्हणजे बेटावरच्या कॅथलिकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील. राजाराणीला स्वतःच्या लग्नात जी मोकळीक उघडपणे घेता आली नाही, ती निदान कागदावर या लोकांना मिळाली. बाकी विचारणा शून्य. तीन वर्षांनी, १६६८ साली, राजाने हे आंदण वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

आमच्या बाजूला मात्र पोर्तुगीजच राहिले. साष्टी, वसई, तारापूर हा मुलूख आंदणात गेला नव्हता. तो सुटला लढाईने. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांनी तारापूर घेतले आणि मे महिन्यात वसई. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर यांच्यासारखा मोहरा पडला. पण मुंबईच्या आंदणातून रुजलेले इंग्रजांचे रोप तोवर चांगलेच वाढले होते. १७७४ साली त्यांनी ठाणे घेतले, १७८० साली वसई घेतली, आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. व्हाइसरॉयची भीती खरी ठरली, फक्त नुकसान एकट्या पोर्तुगीजांचे झाले नाही.

आता कोणी विचारील की इंग्लंडच्या राजघराण्याची ती भव्य चर्चमधली लग्ने कधीची? ती चाल आपण समजतो तेवढी जुनी नाही. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत मध्ययुगात काही राजलग्ने लागली, पण १३८२ नंतर ५०० वर्षांहून अधिक काळ तेथे एकही लागले नाही. राजलग्न ही घरगुती बाब होती. राजवाड्यातल्या छोट्या प्रार्थनामंदिरात, कधी रात्रीच्या वेळी, ती लागत. व्हिक्टोरिया राणीचे १८४० सालचे लग्नही सेंट जेम्स राजवाड्यातल्या प्रार्थनामंदिरातच झाले. अ‍ॅबे पुन्हा लग्नासाठी उघडली १९१९ साली, पहिले महायुद्ध संपल्यावर. युद्धात युरोपातली कितीतरी सिंहासने कोसळली होती. राजा टिकायचा तर तो लोकांना दिसला पाहिजे, हे तेव्हा कळले.

दिसण्याबरोबर ऐकू येण्याचाही प्रश्न आला, आणि तो आपल्या रेडिओच्या घरचा आहे. १९२३ साली ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे सहावे जॉर्ज, यांचे लग्न अ‍ॅबेत झाले. नव्याने निघालेल्या बीबीसीने ते ध्वनिक्षेपित करायची परवानगी मागितली. अ‍ॅबेच्या धर्ममंडळाने ती नाकारली. कोणी गुत्त्यात बसून, डोक्यावरची हॅट न काढता, हा पवित्र विधी ऐकेल अशी त्यांना भीती वाटली असे सांगतात! अकरा वर्षांनी, १९३४ मध्ये, ड्यूक ऑफ केंटचे लग्न रेडिओवरून ऐकवले गेले, आणि १९४७ साली राजकन्या एलिझाबेथचे लग्न जगभर सुमारे २० कोटी लोकांनी ऐकले. तेव्हापासून चर्चच्या भिंती नावापुरत्याच उरल्या.

१९८१ साली युवराज चार्ल्स यांनी अ‍ॅबे सोडून सेंट पॉल कॅथीड्रल निवडले. तेथे सुमारे ३५०० पाहुणे बसू शकत होते, संगीताला जागा मोठी होती आणि राजवाड्यापासूनचा रस्ता लांब. रस्ता लांब म्हणजे दोन्ही कडांना उभी राहून पाहणारी माणसे जास्त. या जागी त्याआधीचे राजलग्न १५०१ साली लागले होते, तेही जुन्या इमारतीत. ती इमारत १६६६ च्या आगीत गेली, आणि आताचे कॅथीड्रल बांधायला सुरुवात झाली ती आपल्या हकिकतीतल्या दुसऱ्या चार्ल्सच्याच कारकिर्दीत. २०११ साली राजपुत्र विल्यम यांनी पुन्हा अ‍ॅबे घेतली. २०१८ साली त्यांचे धाकटे बंधू हॅरी यांनी विंडसरचे सेंट जॉर्ज चॅपल घेतले, सुमारे ६०० पाहुण्यांचे.

आणि २००५ साली काय झाले पाहा. युवराज चार्ल्स, म्हणजे आताचे राजे तिसरे चार्ल्स, यांचे दुसरे लग्न. घटस्फोटितांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न होता, म्हणून चर्चमध्ये लग्न लावायचे नाही असे ठरले. विंडसरच्या किल्ल्यात नोंदणी करावी म्हटले, तर कायदा असा निघाला की एकदा किल्ल्याला लग्नाचा परवाना घेतला की तीन वर्षे कोणाही नागरिकाला तेथे लग्नासाठी अर्ज करता येईल! शेवटी नोंदणी झाली गावच्या गिल्डहॉलमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहात, आणि आशीर्वादाची प्रार्थना झाली सेंट जॉर्ज चॅपलमध्ये. दुसऱ्या चार्ल्सचे लग्न दोन ठिकाणी, तिसऱ्या चार्ल्सचेही दोन ठिकाणी. मध्ये ३४३ वर्षे गेली, पण जागा ठरवली ती दोन्ही वेळा नियमाने. वैभवाचा तेथे काही संबंध नव्हता.

भव्य चर्च निवडतात ते ज्याला पुष्कळ साक्षीदार हवे असतात त्याने. ज्याला साक्षीदार परवडत नाहीत तो दिवाणखाना निवडतो. म्हणून राजाच्या लग्नात इमारत किती उंच होती यापेक्षा आत कोण होते आणि बाहेर कोणाला ठेवले होते, हे विचारावे. पोर्टस्मथच्या त्या घरात जे ठरले त्याचे परिणाम भोगणारी माणसे हजारो मैल दूर आपापली जाळी विणीत बसली होती, आणि आपले बेट कोणाच्या तरी लग्नात दिले गेले आहे याची त्यांना वार्ताही नव्हती.

आज गव्हर्नरचे ते घर उरलेले नाही. शेजारच्या चर्चवर १९४१ च्या जानेवारीत जर्मन बाँब पडले, आणि त्याचा मोठा भाग अजूनही छपराविना उभा आहे. वसईच्या कोटातली चर्चेही छपराविनाच उभी आहेत. तारापूरचा तट समुद्राच्या वाऱ्यात झिजतो आहे. आमच्या सरावलीतून रोज सकाळी माणसे बोईसर स्टेशनवर जातात आणि गाडी धरून कामाला मुंबईला जातात. ज्या गावाला आपण पोट भरायला जातो ते एकदा लग्नाच्या आहेरात मोजले गेले होते, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या मनात येत असेल.

तेव्हा घरी पुढचे लग्न निघेल आणि हॉलवरून वाद पेटेल, तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे. हॉल लहान असो की मोठा, ज्यांच्या आयुष्यावर या लग्नाचा परिणाम होणार आहे ती सगळी माणसे मांडवात आहेत ना, आणि त्यांना विचारले आहे ना, हे आधी पाहावे. त्यांत सर्वांत आधी मुलगी. खुर्च्यांचे नंतर पाहता येईल.